साडेदहा किलोचा ब्लोअर आणि साडेआठशे मीटरची जाळरेषा

आमच्या वाडीतल्या दोन महिला बचत गटांनी मिळून नोव्हेंबर २०२३ मध्ये पाठीवर घ्यायचा पेट्रोलवरचा ब्लोअर घेतला. ७५.६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, रिकाम्या टाकीचं वजन साडेदहा किलो, किंमत १४,५०० रुपये. दोन उन्हाळे मी तो स्वतः पाठीवर घेऊन चालले आहे, म्हणून लिहिते. अंगणातला पाचोळा त्याने कसा उडतो, हे दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. वणव्याच्या तोंडावर तो कसा वागतो, हे मला घेताना कुठेच वाचायला मिळालं नाही, आणि आम्ही तर तो त्याचसाठी घेतला. कंपनीचं नाव देत नाही. एकाच साच्याची ही मशीनं चार-पाच नावांनी विकली जातात, त्यामुळे मी सांगते ते त्या सगळ्यांना थोडंफार लागू पडेल.

माझं वय ५२, वजन ५४ किलो. हे सांगणं भाग आहे, कारण साडेदहा किलो मशीन आणि वर दोन लिटर पेट्रोल घेऊन चढावर चालायचं असतं. राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उताराला आमची वाडी. ३८ घरं, त्यांतली १४ गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. वणवा येतो तो दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. त्या वेळी वाडीत कोण असतं? आम्ही बायका, आणि साठी उलटलेले काका-आजोबा. तेव्हा मशीन कुठल्याही धडधाकट तरुणाला पेलतं की नाही, हे आमच्या कामाचं नाही. ते मला आणि माझ्या जावेला पेलतं का, एवढंच आम्ही बघितलं.

मार्च २०२३ मध्ये माझी ४३ हापूस कलमं गेली. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, झाडं धडाधडा पेटली असतील. तसं होत नाही. गवत आणि पाचोळा पेटतो, जाळ गुडघाभर किंवा कंबरभर उंचीचा, पाच-सात मिनिटांत पुढे निघून जातो. पण तेवढ्या वेळात बुंध्याची साल आतून शिजते. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर पानं हिरवीच होती. मला वाटलं, वाचली. आठव्या दिवशी एका बाजूने तांबडी पडू लागली आणि महिन्याभरात झाडांचा खराटा झाला. सतरा वर्षांची झाडं होती. माझ्या सासऱ्यांनी खांद्यावरून पाणी घालून जगवलेली. शेजारच्या काकींची वेंगुर्ला-४ काजूची अख्खी बाग त्याच दिवशी गेली. फळपीक विम्याचं आम्ही विचारून आलो. ती योजना हवामानावर चालते. अवेळी पाऊस, तापमान, वारा, गारपीट. वणवा त्यात कुठे बसत नाही.

त्याच रागात आम्ही ब्लोअर घेतला. वन विभागाचे लोक जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून ठेवलेला पट्टा, साफ करायला आणि आग मागे ढकलायला ब्लोअर वापरतात, हे आमच्या गटातल्या एकीने आपल्या माहेरी पाहिलं होतं. सरकारी जंगलात वन विभागाची माणसं असतात, हंगामी फायर वॉचर असतात, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा त्यांचा आगीचा हंगाम ठरलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल आहे, पण ते बहुतेक खासगी मालकीचं. आमचा सडा तर चाळीस-पन्नास खातेदारांचा. तिथे फायर वॉचर कोण ठेवणार? म्हणून आपणच घेऊ या, असं ठरलं.

पहिला उन्हाळा, २०२४. मी प्रामाणिकपणे सांगते, त्या वर्षी या मशीनचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट एके ठिकाणी नुकसान झालं. मार्चमध्ये दुपारी सव्वा वाजता सड्याच्या पश्चिम कडेला धूर दिसला. मी आणि जाऊ मशीन घेऊन धावलो. समोर मांडीएवढं उभं वाळकं गवत, त्यात रानमोडीची वाळलेली झुडपं. मी पूर्ण थ्रॉटल देऊन जाळावर हवा मारली. गवताच्या बुडाशी हवा पोचलीच नाही, वरचे पेटते शेंडे मात्र तुटून उडाले आणि माझ्या डाव्या अंगाला वीस पावलांवर नवीन आग लागली. आम्ही तिथून मागे फिरलो. मशीन जाळाला फुंकर घालतं की जाळ विझवतं, हे समोर काय पेटलंय यावर ठरतं, आणि ते दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा पहिला मुद्दा हा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ब्लोअर पाचोळ्यासाठी आहे. आंब्या-काजूखालचा, ऐन-किंजळीखालचा सुटा पाला त्याच्यापुढे टिकत नाही, खालची लाल माती दिसायला लागते. उभ्या गवतापुढे तो निकामी. गवत आधी ग्रासकटरने मुळापाशी कापायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, गोळा करून गुरांना घालायचं, आणि मग उरलेला भुगा ब्लोअरने उडवायचा. ग्रासकटर आमच्याकडे एकाच घरात होता. तो आता भाड्याने घेतो. तुमच्याकडे गवताळ सडा असेल आणि एकाच मशीनपुरते पैसे असतील, तर आधी ग्रासकटर घ्या. ब्लोअर नंतर.

दुसरा मुद्दा मशीनचा नाहीच. वणवा दिसल्यावर मशीन घेऊन धावणं यात काही अर्थ नव्हता. मशीन चालवायचं ते डिसेंबर-जानेवारीत, जाळरेषा काढायला. आणि जाळरेषा माझ्या एकटीच्या बागेभोवती काढून भागत नाही, कारण आग माझ्या सातबाऱ्यावरून सुरू होत नाही. ती कुठून येते, कुठे थांबवता येईल, ती जागा कोणाच्या नावावर आहे, तो माणूस मुंबईत कुठे राहतो, हे सगळं आधी बघावं लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीत सगळे चाकरमानी घरी होते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, बैठक लावली. वाडीच्या गावकरांनी आधी देवीला गाऱ्हाणं घातलं, मग बोलणं सुरू झालं. तलाठ्याकडून आणलेला नकाशा जमिनीवर पसरला आणि वयाने मोठ्या माणसांना विचारलं, तुमच्या आठवणीत वणवा कुठून कुठून आला? त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते दोन वर्षं मशीन घेऊन धावून कळलं नसतं. आग तीनच वाटांनी येते. पश्चिमेच्या सड्यावरून, उत्तरेच्या खिंडीतून, आणि खालच्या मळ्यांतून, जिथे भाजावळ होते, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. पूर्वेकडून कधी आलीच नाही. त्याचं कारणही एका आजोबांनी सांगितलं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तेव्हा दवही असतं आणि वाराही मंद. अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, तो पश्चिमेकडून उताराला चढतो. आग स्वभावतःच चढाला जोरात पळते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. वारा आणि चढ एका दिशेने मिळाले की तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. आमच्या उताराला दुपारी नेमकं तेच होतं.

मग रेषा आखली. ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण हे नीट झालं म्हणूनच आमचे १४,५०० रुपये वसूल झाले. वाडीच्या पश्चिम आणि उत्तर अंगाने एकूण २,६०० मीटरची रेषा हवी होती. आकडा ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. पण चालत फिरलो तेव्हा लक्षात आलं, त्यातले ९०० मीटर डांबरी रस्ताच आहे. ५०० मीटर उघडा कातळ, तिथे जळायला काही नाही. ३५० मीटर पऱ्या, म्हणजे ओढा, मार्चमध्ये कोरडा असला तरी तळात धोंडे आहेत, त्यातला पाला तेवढा काढला की झालं. म्हणजे नव्याने काढायची रेषा उरली ८५० मीटर. त्यातली ५०० मीटर झाडीखालची, ती ब्लोअरची. ३५० मीटर गवतातली, ती ग्रासकटरची. झाडीत तीन मीटर रुंदी ठेवली, गवतात सहा. जाळरेषा म्हणतो, पण आम्ही ती जाळत नाही, फक्त साफ करतो. वन विभाग जाळतो तेव्हा त्यांच्याकडे माणसं आणि सराव दोन्ही असतं. आमच्याकडे ते नाही.

खरी अडचण जमिनीची होती. ८५० मीटरमध्ये नऊ गट नंबर, आणि त्यांवर मिळून ४७ नावं. काही नावं वारलेल्या माणसांची. सामाईक सातबाऱ्यावर कोणी एकाने हो म्हणून चालत नाही, आणि रेषा काढू दिली म्हणजे उद्या वहिवाट लागेल, वाट पडेल, ही भीती कोकणात सगळ्यांनाच असते. ती खोटी म्हणता येत नाही, अशी भांडणं झालेली आहेत. आम्ही कागदावर लिहून घेतलं की ही रेषा वाट नाही, तिच्यावरून कोणाचा हक्क सांगता येणार नाही, दर वर्षी मालकाला विचारूनच काढली जाईल. तो कागद वाचून दाखवल्यावर दोन घरं सोडून सगळ्यांनी संमती दिली. त्या दोन घरांना वळसा घालून रेषा गेली, त्यामुळे काम ६० मीटरनी वाढलं. वाईट वाटलं नाही. एकाने या वर्षी स्वतःहून फोन करून सांगितलं, माझ्यातून सरळ काढा.

भाजावळीवर सगळ्यात जास्त आवाज चढले. तरवा (भाताची रोपं) करायचा तर दाढ (रोपांची जागा) भाजलीच पाहिजे, आमच्या आज्या-पणज्यांनी हेच केलं, असं म्हणणारे होते, आणि भाजावळ बंदच करा म्हणणारे मुंबईकर होते. मला दोघांचंही पूर्ण पटलं नाही. ज्याचं भात त्याच दाढेवर उभं राहायचं आहे त्याला मुंबईहून सांगणं सोपं असतं. शेवटी ठरलं ते असं. भाजावळ सकाळी दहाच्या आत संपली पाहिजे. आदल्या दिवशी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. तीन माणसं आणि पाण्याचा एक ड्रम जागेवर हवा. राख हाताला गार लागेपर्यंत कोणी हलायचं नाही. आणि ब्लोअर त्या दिवशी त्या मळ्यावर जाईल, आधी चारी बाजूंनी पाला उडवून द्यायला. यातलं शेवटचं कलम सगळ्यांना आवडलं. एरवी दोन बायका अर्धा दिवस खराट्याने जे करत, ते वीस मिनिटांत होतं. भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख गादीवाफ्यात मिसळतात, ते दोन घरांनी यंदा करून बघितलं. कसं आलं ते पुढच्या हंगामात सांगेन.

आता रेषेवर मशीन कसं चालतं ते. दोघींनी जायचं. एक मशीनवर, दुसरी दहा पावलं पुढे, दगड, फांद्या, काटे बाजूला करत. नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि तिरपं. सरळ खाली धरलं तर पाला आपल्याच तोंडावर येतो आणि मातीही उडते. पहिल्या दिवशी आमच्याकडून एक चूक झाली. सगळा पाला रेषेच्या काठाला बांधासारखा साठला. तसा ढीग ठेवणं म्हणजे जळण रचून ठेवणं. आता पाला आतल्या अंगाला पातळ पसरवतो आणि जमेल तेवढा टोपल्यांनी कंपोस्टच्या खड्ड्यात नेतो. ५०० मीटर झाडीतली रेषा आम्ही चौघी आळीपाळीने दोन सकाळींत काढतो. त्याआधी एकदा नुसते खराटे आणि घमेली घेऊन बारा जणींना यातला निम्मा भाग काढायला दोन दिवस लागले होते. जानेवारीच्या शेवटी एकदा काढली की संपत नाही. काजूचा आणि ऐनाचा पाला पडतच राहतो. फेब्रुवारीच्या शेवटी आणि शिमग्याच्या आधी असे आणखी दोन हात मारावे लागतात. ते प्रत्येकी एका सकाळचं काम.

पेट्रोल पूर्ण थ्रॉटलला तासाला जवळजवळ दीड-दोन लिटर जातं. आमच्या मशीनला लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल, म्हणजे एकास पंचवीस. काही मशीनांना २० मिली लागतं, पुस्तिकेत बघून घ्या. आमची पुस्तिका इंग्रजी आणि चिनी अशा दोन भाषांत होती, मराठीचा एक शब्द नाही. माझ्या भाचीने तिच्यातलं कामापुरतं मराठीत लिहून दिलं, ते कागद आता प्लॅस्टिकच्या पिशवीत मशीनलाच बांधलेले आहेत.

दोष सांगते. पट्टे रुंद खांद्याच्या माणसासाठी केलेले आहेत. माझ्या खांद्यावरून घसरतात, मग सगळा भार कमरेवर येतो. मी छातीवरून आडवी एक पट्टी शिवून घेतली, तेव्हा ठीक झालं. स्टार्टरची दोरी पहिल्याच हंगामात तुटली, सुट्या भागासाठी पाच आठवडे थांबावं लागलं, आणि ते आठवडे नेमके फेब्रुवारी-मार्चचे होते. आता एक दोरी, एक प्लग आणि एक एअर फिल्टर जास्तीचे घरात असतात. एअर फिल्टर आमच्या लाल धुळीने तासाभरात भरतो. तो काढून झटकला नाही तर इंजिन गुदमरतं, आणि नवखी बाई समजते मशीन बिघडलं. आवाज फार आहे. कानाला संरक्षण न लावता दहा मिनिटं चालवलं तर संध्याकाळपर्यंत कानात घुं घुं होत राहतं. कानावर लावायचे मफ मशीनबरोबर देत नाहीत. वेगळे घ्यावे लागतात, आणि ते घेतल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही असा आमचा नियम आहे. मफ लावले की मागून मारलेली हाक ऐकू येत नाही, म्हणून दुसरी बाई नेहमी नजरेच्या टप्प्यात हवी.

पावसाळ्यात मशीन कसं ठेवायचं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं, त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरला ते चालूच झालं नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या चार महिन्यांच्या पावसात टाकीत पेट्रोल राहिलं तर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. गॅरेजवाल्याने ६०० रुपयांत साफ करून दिलं. आता जूनमध्ये टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, प्लग काढून तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि मशीन माळ्यावर कोरड्या जागेत ठेवायचं. यंदा पहिल्या तीन झटक्यांत सुरू झालं.

आणि सगळ्यात मोठा धोका मशीनचाच. सायलेन्सर इतका तापतो की दमून मशीन वाळक्या गवतावर टेकवलं तर तिथेच आग लागेल. टेकवायचं ते कातळावर किंवा उघड्या मातीवर. पेट्रोल भरायचं ते इंजिन दहा मिनिटं गार झाल्यावर, आणि वणवा चालू असेल तर त्याच्यापासून लांब, जळून गेलेल्या किंवा साफ केलेल्या जागेत. पेट्रोल लोखंडी डब्यात, सावलीत. नायलॉनची साडी, ओढणी, सिंथेटिक पंजाबी ड्रेस अजिबात नको. ठिणगी पडली की ते कापड अंगाला चिकटतं. आम्ही जाड सुती पँट आणि पुरुषांचे सुती शर्ट घालतो. सुरुवातीला बायका लाजत होत्या, आता कोणाला काही वाटत नाही.

मार्च २०२५. शिमगा आटोपून पालखी देवळात परतली होती, मुंबईकर गेले होते, त्यानंतरचा चौथा दिवस. बारा वाजायला दहा कमी असताना पश्चिमेच्या सड्यावर धूर. ग्रुपवर निरोप गेला, एकीने वन विभागाच्या १९२६ वर फोन लावला, आम्ही सहा जणी ठरल्या जागी पोचलो. या खेपेला आम्ही आगीकडे धावत गेलो नाही. रेषेच्या आतल्या बाजूला थांबलो. ते थांबणं अवघड होतं. जाळ वाऱ्यावर येताना दिसतो, त्याचा आवाज येतो, आणि आपण काही करत नाही असं वाटत राहतं. गवतातल्या रेषेला तो कंबरभर उंचीचा येऊन भिडला आणि सहा मीटर उघड्या मातीवर पुढे काही न मिळाल्याने बसत गेला. झाडीतल्या रेषेवर जाळ घोट्याएवढाच होता. तिथे ब्लोअरने काम केलं. जाळाच्या बुडाशी, तिरपी हवा, पेटता पाला मागे, जळून काळ्या झालेल्या जागेत ढकलायचा. माझ्या मागे जाऊ फवारणीचा १६ लिटरचा पंप घेऊन होती, औषध नीट धुऊन नुसतं पाणी भरलेला. मी पुढे ढकलत गेले, ती धुमसणारे बुंधे भिजवत आली. हा पंप आंब्याच्या प्रत्येक बागायतदाराकडे असतोच, आणि तो ब्लोअरइतकाच कामाचा आहे. तिसरी ओला डहाळा घेऊन ठिणग्यांवर लक्ष ठेवून होती. २० मिनिटांत ती बाजू शांत झाली.

एके ठिकाणी आग आत आली. उत्तरेच्या उतारावर रेषेच्या वरच्या अंगाला एक वाळलेली सावर उभी होती. ती आतून पेटली, मोडली आणि तिचा जळता ओंडका घरंगळत रेषा ओलांडून खाली आला. आखणी करताना आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो, वर कोणी बघितलंच नव्हतं. तीन काजू गेले. माझं एकही कलम गेलं नाही. संध्याकाळी मी बागेत जाऊन प्रत्येक बुंध्याला हात लावून बघितला. मग आठ दिवस रोज जाऊन पानांचे शेंडे बघत होते.

त्या दिवशी पाळलेला एक नियम इथे सांगते. मशीन चालवताना समोरचा जाळ गुडघ्याच्या वर गेला की मशीन बंद आणि सगळ्यांनी ठरल्या वाटेने काळ्या जागेत किंवा कातळावर जायचं. चढावर, आगीच्या पुढे, कधीही नाही. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडली, वीसहून अधिक जण गेले. बैठकीत मी ते वाचून दाखवलं होतं. १४,५०० रुपयांचं मशीन जाळात टाकून पळायची वेळ आली तर टाकायचं. गटाच्या वहीत तसा ठराव लिहिलेला आहे, जी टाकेल तिला कोणीही मागून विचारणार नाही.

मोबाइलवर येणाऱ्या उपग्रहाच्या सूचनांबद्दल दोघी-तिघींनी विचारलं होतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या वन अग्नी पोर्टलवर कोणालाही नाव नोंदवता येतं, मी नोंदवलं आहे. उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री अशा ठरावीक वेळीच वरून जातो, आणि त्याला दिसतो तो पावणेचारशे मीटरचा चौकोन. गवतातली तासाभराची आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. आमच्या वाडीला सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्या आजोबांच्या फोनचा त्याहून जास्त उपयोग होतो. त्यांना गटाने रिचार्ज करून दिला आहे, फेब्रुवारी ते मे.

घ्यावं का? पाच-सहा घरांनी मिळून, रेषा आधी चालून बघून, तिथे पाचोळा जास्त आहे की गवत हे ठरवून घ्यावं. एकट्या बागायतदाराने आपल्यापुरतं घेऊ नये, पैसे वाया जातील. ज्यांना साडेदहा किलो पेलणार नाहीत त्यांच्यासाठी हातात धरायचे चार-साडेचार किलोचे छोटे ब्लोअर मिळतात. दुकानात मी एक चालवून बघितला. बागेतल्या पाल्याला पुरेल, तीन मीटरच्या रेषेला फार वेळ खाईल, आणि अर्ध्या तासात मनगट भरून येईल. दुकानात घेताना मशीन पाठीवर चढवून दहा मिनिटं उभं राहा, दोरी स्वतः ओढून बघा, घरातल्या पुरुषाला ओढायला लावू नका. सुटे भाग किती दिवसांत येतील ते लेखी मागा.

पलीकडच्या वाडीने यंदा आमचं मशीन मागितलं आहे. पेट्रोल त्यांचं, चालवणार आमच्यातली एक, आणि आधी त्यांनी रेषा आखून दाखवायची, या अटीवर आम्ही हो म्हटलं. उत्तरेची खिंड त्यांच्या हद्दीत येते, तिथे रेषा झाली तर आमची दोनशे मीटर वाचतील. येत्या रविवारी आम्ही रेषेच्या वरच्या अंगाची वाळकी झाडं मोजायला जाणार आहोत. आतापर्यंत अकरा दिसली आहेत. मालकांना फोन लावून झाले, दोघांचे नंबर लागत नाहीत.